वाफ घेतलीस का?

"हीर नीट व्हेपन, मेव्हराऊ," ट्रामचा कंडक्टर मला म्हणाला आणि समोरच्या दोन शाळकरी पोरी फिस्सकन हसल्या. इथे व्हेप ओढायचं नाही, बाई. मला म्हणाला! कपाळाला टिकली, पिशवीत डबा, नाक सर्दीने लाल, अशी मी, सुमेधा, बुइटनव्हेल्डर्टहून स्टेशनकडे निघालेली, बडीशेपेपलीकडे आयुष्यात कुठल्या व्यसनाला न शिवलेली. झालं होतं एवढंच, की सकाळी माझ्या कोटाची चेन तुटली म्हणून मी माझ्या लेकीचा, जुईचा, लांब काळा कोट चढवला होता. मागच्या रविवारी एकाएकी ऊन पडलं तेव्हा तो घरीच टाकून ती उट्रेख्तला, तिच्या युनिव्हर्सिटीत, परत गेली होती. नाक गळायला लागलं म्हणून टिश्यूसाठी मी आतल्या खिशात हात घातला तर हाताला एक गुळगुळीत गुलाबी कांडी लागली, हायलायटर पेनाएवढी. ओठांना लावायचं काहीतरी असेल असं मला वाटलं. मला कुठलीही वस्तू आधी नाकाला लावायची सवय आहे, मग ते दूध असो, टॉवेल असो नाहीतर स्वतःचं पोर असो. तशी ती कांडी लावली. बंद नाकातूनसुद्धा कलिंगडाचा वास आला, गोड आणि गार आणि साफ खोटा. तेवढ्यात हा बाबा. मी काय करावं? "सॉरी," म्हणाले, जणू रोजच ओढते, आणि कांडी परत खिशात टाकली. त्या पोरींपैकी एकीने अंगठा वर करून मला शाबासकी दिली. माझे कान तापले. बाहेर नेहमीची झाडं, नेहमीच्या सायकली, नेहमीचं ते धड पाऊस नाही धड धुकं नाही असलं आभाळ, आणि मी खिशात मूठ आवळून बसलेली.

नीट. डच लोकांचं नीट म्हणजे नाही. आणि आपलं नीट म्हणजे नीटच. जुई लहान असताना या एका शब्दाने आमच्या घरात काय गोंधळ घातला होता! पाळणाघरातून डच शिकून आलेली, दोन शेंड्या बांधलेली पोर. मी म्हणायचे, नीट बस, की ती पटकन उभी राहायची. नीट खा म्हटलं की घास तोंडातून काढून ताटात ठेवायची आणि माझ्याकडे बघायची, आता तरी खूश ना, अशा नजरेने. कितीतरी दिवस मी तिला हट्टी समजत होते. एकदा तर पाठीत धपाटाही घातला. मग एक दिवस हेमच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डोक्यात प्रकाश पडला आणि तो जमिनीवर लोळून हसला. पोर बिचारी जे ऐकत होती तेच करत होती. हा किस्सा आम्ही येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगितला, अगदी हेमचंद्र आणि सुमेधा जोडीने, तो अर्धा आणि मी अर्धा. आणि गंमत बघा, पुढे मी झाले कोण, तर दुभाषी. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको, काही वर्षं घरात बसून भिंती मोजल्या, मग डच शिकले, परीक्षा दिल्या. आता दवाखान्यात, नगरपालिकेत, कुठे कुठे जाऊन एकाचं बोलणं दुसऱ्याच्या हवाली करते. आमच्या धंद्यात पहिला नियम असा, की शंका आली तर उलट विचारायचं. म्हणजे नक्की काय म्हणायचंय तुम्हाला? लोकांना राग येतो. येऊ दे. मी विचारते. त्याशिवाय पुढचा शब्द तोंडातून काढत नाही.

पण शंका तर यायला हवी. झुइड स्टेशनच्या फलाटावर वाऱ्यात उभी राहिले तेव्हा माझ्या डोक्यात नुसती तिडीक होती. हूफडॉर्पला एका आजीबाईंसाठी डॉक्टरांकडे जायचं होतं, गाडीला अवकाश होता. मी कांडी बाहेर काढून बघितली, या वेळी चोरासारखी, पिशवीच्या आड. वर इंग्रजीत लिहिलेलं, कलिंगड आणि बर्फ. असल्या वासाच्या व्हेपवर या देशात बंदी आहे एवढं मलाही माहीत होतं, मीच एका बैठकीत त्याचं भाषांतर केलं होतं, 'तरुण पिढीच्या फुप्फुसांच्या रक्षणार्थ' वगैरे तोंड भरून. तरुण पिढी कुठून कुठून मिळवतेच. आणि आमची जुई! जिला लहानपणी थंडी पडली की छातीत शिट्टी वाजायची. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे, नेलं की तो शांतपणे म्हणायचा, पॅरासिटामॉल द्या, आठवड्याने बघू. तो बघणार आठवड्याने, आणि मी तिच्या बरगड्यांमधला खड्डा आत्ता बघत्येय. त्या फुप्फुसांत ही कार्टी कलिंगड भरते? मी हेमला फोन लावला. तो ऑफिसात होता, कुजबुजत बोलला. "अगं, सिगरेट तर नाही ना? आमच्या इथे इंटर्न आलेली सगळी पोरं तेच ओढतात. येईल आज संध्याकाळी, तेव्हा जरा दम दे तिला." दम दे! ज्या पोरीचा दम सांभाळण्यात माझी ऐन तिशी गेली तिला दम दे म्हणे. मी त्याच्यावर खेकसले. मग तो म्हणाला, अगदी साधेपणाने, "पण तुला माहीत असेल की. रोज तासतास बोलता तुम्ही दोघी. तुला सांगितलं नाही तिने?"

नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि ते तसंच उघडं राहिलं. गाडी आली, लोक चढले, मी चढले, हेम हॅलो हॅलो करत राहिला. सांगितलं होतं. मला सांगितलं होतं तिने. ऑक्टोबरात, दिवाळीच्या आसपास, मी चकलीचं पीठ मळत होते, फोन डब्याला टेकवून स्पीकरवर ठेवलेला. जुई एरवी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते, फार चिडली तर डचमध्ये. त्या दिवशी मराठीत बोलली, शब्द जुळवून जुळवून, पाठ करून आल्यासारखी. "आई, तुला एक सांगायचंय. रागवू नको हां. मी ना... मी वाफ घेते." आणि मी, पिठाने भरलेल्या हातांनी, माझ्या त्या उलट विचारणाऱ्या तोंडाने, काय म्हणाले? "अगं मग त्यात रागवायचं काय! चांगलंच आहे की. रोज घे." ती म्हणाली, "खरंच? यू आर ओके विथ इट?" मी म्हणाले, "वेडी का तू? मीच तर सवय लावलीय तुला." आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन. मला वाटलं, पोरीला घरची आठवण झाली, खोकून खोकून दमलीय बिचारी, परीक्षा आहे. मी म्हणाले, "कीर्तीलाही देत जा, तिचाही घसा बसलाय ना." कीर्ती म्हणजे तिच्याबरोबर राहणारी, नाशिकहून शिकायला आलेली मुलगी. तेव्हा जुई रडता रडता हसली. म्हणाली, "तिनेच तर शिकवला हा शब्द."

शिफोलचा बोगदा आला, डबा काळा झाला आणि काचेत माझा चेहरा दिसला, जुईच्या कोटात. तिला हा शब्द नवीनच होता. आमच्या घरात तिच्या लहानपणी आम्ही वाफ म्हणायचोच नाही, आम्ही 'तंबू' म्हणायचो. पातेल्यात कढत पाणी, त्यात ओवा, निलगिरीचा थेंब, आणि वरून माझा तो मोठा निळा टॉवेल, आत आम्ही दोघी. एकटी बसायला ती घाबरायची म्हणून मीही डोकं घालायची. घामाने दोघींचे चेहरे निथळायचे. तिला तिथे जास्त वेळ धरून ठेवायचं म्हणून मी नियम काढले होते, तंबूत खोटं बोलायचं नाही आणि तंबूत रागवायचं नाही. पेन्सिल चोरली, मारियाला चावले, तुझ्या पर्समधलं चॉकलेट मी खाल्लं, सगळं तिथे बाहेर यायचं, कफाबरोबर. मग ती मोठी झाली, छातीची शिट्टी थांबली, टॉवेलाची पुढे पायपुसणी झाली. आणि आता तिकडे युनिव्हर्सिटीतल्या पाच-सहा मराठी पोरापोरींनी व्हेपला आपलं नाव दिलं असणार, वाफ. चल, वाफ घेऊ. लायब्ररीच्या जिन्यात, सायकली लावतात तिथे, वाफ घेऊ. आणि माझी लेक ते मला सांगायला आली तेव्हा तिने इंग्रजी शब्द टाळून मुद्दाम तो घेतला, आईच्या भाषेतला, आईला कमी लागेल असा.

त्यानंतर रोज संध्याकाळी तिचा फोन. आधी आठवड्यातून एकदा यायचा, तोही "आय ॲम फाइन, आई, बाय" एवढाच. आता रोज. आणि मी रोज काय विचारायची? वाफ घेतलीस का? जेवलीस का विचारावं तसं. एकेक आठवायला लागलं. "आज जरा जास्तच घेतली गं." "असू दे, जास्तीने काही होत नाही." "आज नाही घेतली, संपली." "संपली म्हणजे? पाणी संपलं का तुमच्या घरचं?" यावर ती किती हसली होती! "सकाळी उठल्याउठल्या घेतली." "शहाणी माझी बाई." शहाणी माझी बाई, असं म्हणाले मी! गाडीत समोरचा माणूस माझ्याकडे बघायला लागला, म्हणजे मी ते मोठ्याने म्हणाले असणार. आणि मला मिळालं किती त्यातून. तिचा स्टॅटिस्टिक्सचा पेपर दोनदा गेला, हे बापाच्या आधी मला कळलं. ब्राम नावाचा मुलगा होता आणि मग नव्हता. ती लायब्ररीच्या बाथरूममध्ये जाऊन रडते. पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीत आपल्याला ठेवतील की नाही या धास्तीने तिला झोप लागत नाही. सगळं, एकेक करून, मराठीत आणि इंग्रजीत. मी माझ्या मैत्रिणीला, मंजूषाला, टेंभा मिरवून सांगत होते, तिचा मुलगा वेदांत डेल्फ्टला शिकतो, आईला नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवतो. मी म्हणायची, मुलांना विश्वास द्यावा लागतो गं. अहाहा! काय विश्वास दिला मी! ज्या दारातून पोर परत घरात आली ते दार मी उघडलंच नव्हतं. चुकून कडी निघाली होती.

हूफडॉर्पला त्या आजीबाई, शामलाबाई, मुलाबरोबर आधीच येऊन बसल्या होत्या, साडीवर मुलाचं जाकीट, पायात लोकरी मोजे. डॉक्टर तरुण बाई होती. तिने विचारलं, काय होतंय? शामलाबाई म्हणाल्या, "छातीत भरून येतं हो." मी डॉक्टरकडे वळले आणि थांबले. भरून येतं. कफाने की रडू येतं? दोन्हींना आपण तेच म्हणतो. एरवी मी हे सहज विचारलं असतं, आज शब्द जुळवून जुळवून विचारलं. "म्हणजे नक्की काय म्हणायचंय तुम्हाला? कफ साठल्यासारखं, की रडू आल्यासारखं?" आजीबाई फणकारल्या. "कफच गं बाई. रडायला काय झालंय मला? मुलाचं सोन्यासारखं घर आहे." आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मुलगा खाली बघत राहिला. मी जे ऐकलं ते आणि जे बघितलं तेही डॉक्टरला सांगितलं, बघितलेलं सांगणं खरं तर आमच्या नियमात बसत नाही. डॉक्टरने स्टेथोस्कोप लावला, म्हणाली, मोठा श्वास घ्या. घ्या, मी म्हणाले. सोडा. घ्या. त्या म्हाताऱ्या छातीचा भाता वरखाली होताना मी बघत होते आणि मनात हिशेब लागत नव्हता. जुईला सांगायचं की मला तेव्हा कळलं नव्हतं? मग माझी मुलगी म्हणेल, म्हणजे तू कधी 'चालेल' म्हणालीच नव्हतीस. संपलं. उद्यापासून "आय ॲम फाइन, बाय." की गप्प बसायचं, आधुनिक आई म्हणून मिरवायचं, आणि रोज संध्याकाळी गोड आवाजात विचारायचं, वाफ घेतलीस का? ती घेत राहणार, माझ्या आशीर्वादाने. एक तर पोर जाणार, नाहीतर पोरीची छाती. आणि हेम म्हणतो दम दे.

बाहेर पडल्यावर मी स्टेशनकडे गेले नाही. कालव्याच्या कडेने चालत राहिले, नवीन बांधलेल्या एकसारख्या विटकरी घरांच्या मागे, जिथे बदकांशिवाय कोणी नसतं. एका बाकाशी थांबले. मी काय करणार आहे ते मला ट्राममधूनच माहीत असावं. कांडी ओठांना लावली. तिच्या टोकाला दातांच्या बारीक खुणा होत्या, जुई लहानपणी पेन्सिली चावायची तशा. जिथे तिचे ओठ लागले तिथे माझे लागले, आणि मी ओढलं. घशात गार काहीतरी सरकलं, गोड, मग टोचलं, मग ठसका लागला. नाकातोंडातून पांढरं निघालं आणि हवेत राहिलंच नाही. डोकं हलकं झालं, जरासं फिरलं. आणि मग, खरं सांगते, बरं वाटलं. दिवसभर मानेवर बसलेलं काहीतरी उठलं आणि बाजूला गेलं. ते फार थोडा वेळ टिकलं, पण टिकलं. मला भीती वाटली ती तेव्हा. सकाळपासून राग होता, लाज होती, पण भीती अशी नव्हती. मला वाटलं होतं, त्यात काहीतरी घाणेरडं असेल आणि मला ते ओकता येईल. हे तर सरळ मायेनं डोक्यावरून हात फिरवत होतं. जी पोर लायब्ररीच्या बाथरूममध्ये रडून बाहेर येते तिच्या खिशात हे असतं, बारा महिने, चोवीस तास, आणि हे कधी उलट काही विचारत नाही. मी पुन्हा ओढलं नाही. पण फेकूनही दिलं नाही.

संध्याकाळी ती आली, पाठीवर बॅग, पिशवीत धुवायचे कपडे, गालावर थंडीची लाली. दारातच मला मिठी मारली. हेम पाव आणायला आल्बर्ट हाइनमध्ये गेला होता. गेला होता म्हणजे पळाला होता. मी कांडी ओट्यावर ठेवली होती, मुद्दाम, चहाच्या डब्याशेजारी. काय होईल याच्या दहा तऱ्हा मी दिवसभरात बघितल्या होत्या. ती पांढरी पडेल, ती रडेल, ती म्हणेल की माझी नाही, कीर्तीची आहे. यातलं काहीच झालं नाही. "ओह, सापडली! थँक्स, आई," म्हणाली आणि उचलली. "मी सगळीकडे शोधली. नवीन घ्यावी लागली मला." मग स्वयंपाकघराची खिडकी उघडून, तिच्या कठड्यावर एक कोपर टेकवून, माझ्याशी बोलता बोलता तिने ती ओढली. माझ्यासमोर. केस कानामागे सारावे इतक्या सहज. गाल किंचित आत गेले, गळ्याचा खळगा खोल झाला, छाती वर आली. तिथे, त्या बरगड्यांमध्ये, मी एकेकाळी बोट ठेवून श्वास मोजायची. कलिंगडाचा वास आमटीच्या वासात मिसळला. माझ्या हातात डाव होता.

"सगळेच घेतात का गं?" मी विचारलं. आवाज माझा मलाच अनोळखी.

"ऑल्मोस्ट. लेक्चरमध्येसुद्धा, बाहीच्या आत. सिगरेटवाल्यांना आम्ही हसतो, दे स्टिंक. हे तसं नाही ना." तिने कांडी बोटांत फिरवली. "म्हणजे, मी म्हणायची की फक्त परीक्षेत. आता रात्री उशीखाली ठेवते. डोळे उघडले की आधी ती. तुला सांगितलंय मी." आणि मग माझ्याकडे वळून हसली. "यू नो, कीर्ती अजून तिच्या आईपासून लपवते. व्हिडिओ कॉल आला की खिडक्या उघडते, परफ्यूम मारते. मी तिला म्हणते, माझ्या आईला माहीत आहे आणि ती रोज विचारते पण. ती म्हणते, यू आर सो लकी. मला बाकी सगळं तुला सांगता येतं कारण हे सांगितलं होतं. इफ यू हॅड फ्रीक्ड आउट, मी काहीच सांगितलं नसतं." एवढं बोलून तिला खोकला आला. कोरडा, खोल, तळातून येणारा. थांबेना. कठड्याला धरून ती वाकली आणि खोकला संपताना, श्वास आत घेताना, मला ती ऐकू आली. शिट्टी. बारीक, लांबून येणारी. इतक्या वर्षांनी.

मी गॅस लावला. सगळ्यात मोठं पातेलं चढवलं. ओवा टाकला, निलगिरीची बाटली शोधली. "काय करतेस?" "तंबू." "आई, सीरियसली?" पण ती आली. खुर्च्या ओढून टेबलाशी बसलो, नवा टॉवेल पांढरा होता आणि दोघींना पुरेना. तिचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागत होते, तिचं डोकं आता माझ्यापेक्षा वर. वाफ आली, चेहऱ्यावर बसली, डोळे मिटले. आत अंधार, ओव्याचा वास, आणि तिचा श्वास, प्रत्येक टोकाला ती शिट्टी. "नियम आठवतात?" मी विचारलं. ती हसली. "खोटं बोलायचं नाही. रागवायचं नाही." मला वाटलं, अजून गप्प बसता येईल. कोणाला कळणार आहे? ती खूश, मी खूश. घाम कपाळावरून नाकावर आला, नाकावरून पातेल्यात टपकला.

"जुई, मला माहीत नव्हतं."

"व्हॉट?"

"ऑक्टोबरात तू म्हणालीस ना, वाफ घेते. मला वाटलं हे. पातेलं. आज सकाळी तुझ्या खिशात सापडेपर्यंत मला हेच वाटत होतं."

तिचा खांदा हलायला लागला. हसत होती. "पातेलं! 'पाणी संपलं का तुमच्या घरचं'... ओह माय गॉड, आई! 'कीर्तीलाही दे'!" तिला हसू आवरेना, मलाही फुटलं, टॉवेल घसरायला लागला, आम्ही दोघींनी दोन टोकं धरून ठेवली. मग हसण्याचा खोकला झाला. मग खोकला थांबला आणि काहीच ऐकू येईना, शिट्टीही नाही, तिने श्वास धरून ठेवला होता. आणि मग ती मराठीत म्हणाली, हळू, एकेक शब्द नीट उच्चारत, "म्हणजे कोणालाच माहीत नव्हतं."

मी तिचा हात शोधला. तिने तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. "आता माहीत आहे," मी म्हणाले. "आणि मला फार भीती वाटते, जुई. मी रागावले नाही. मला तुझी शिट्टी ऐकू आली." ती म्हणाली, "मला पण येते. रात्री." पाणी निवत गेलं, वाफ पातळ झाली, तरी आम्ही टॉवेल काढला नाही. बाहेर हेम आला, पिशव्या ठेवल्या, आमच्याकडे बघितलं असावं, कारण पावलं दारात थांबली आणि मग हलकेच आत गेली.

शनिवारी ती फारसं बोलली नाही. मंजूषाकडे सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं तिथे गेलो, वेदांतही आला होता, ती दोघं गॅलरीत जाऊन उभी राहिली. काचेतून मला त्यांच्या पाठी दिसत होत्या आणि मी बघायचं नाही असं ठरवून बघत होते. रविवारी ती तिचा कोट घालून गेली. त्या संध्याकाळी फोन आला नाही. मी चार वेळा उचलून बघितला, आवाज बंद तर नाही ना. हेम म्हणाला, येईल गं. मी विचार करत होते, आला तर विचारायचं काय? जेवलीस का? अभ्यास झाला का? ज्या प्रश्नाने आमचं बोलणं सुरू व्हायचं तो आता तोंडात घेता येत नव्हता. एवढा साधा शब्द, पोरीच्या सर्दीखोकल्याचा, माझ्या आईने मला विचारलेला, तोच माझ्यापाशी राहिला नव्हता. सोमवारी मी भाजी निवडत असताना फोन वाजला.

"हाय, आई."

"हाय. जेवलीस?"

"हो." मागे सायकलची घंटा, रस्ता. ती चालत होती. तिचा श्वास ऐकू येत होता, मी कान देऊन ऐकत होते. मग ती म्हणाली, "विचार ना."

"काय?"

"ते. रोजचं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "वाफ घेतलीस का?"

"घेतली."

मी डोळे मिटले. माझ्या धंद्यातला पहिला नियम. "म्हणजे नक्की कुठली, जुई?"

ती थांबली. पावलंही थांबली असावीत, कारण रस्त्याचा आवाज एका जागी राहिला.

"दोन्ही," ती म्हणाली.